आवाज नसण्याचे पैसे

घणसोलीत, साडेबारा टक्क्यांच्या इमारतीत
तळमजल्याचा गाळा घेतला तेव्हा
शेजारी पिठाची गिरणी आहे
हे स्वस्त भाड्याच्या आनंदात मला ऐकूच आलं नव्हतं.
मला. कान तपासणारीला.

पहिला आला ठक्कर. टॅबवर चित्रं:
सानपाड्याचं दागिन्यांचं दुकान, जुईनगरचं सलोन.
"रिसेप्शन असं करू मॅडम, की पेशंट फोटो काढेल."
मी म्हटलं, मला एक खोली हवी,
जिच्यात टाचणी पडली तर तिची नोंद होईल.
"होऊन जाईल," म्हणाला,
आणि पीओपीच्या नक्षीचं पुढचं चित्र सरकवलं.

दुसरे भोपी. दीरांचे स्नेही,
उलव्यात तीन बंगले उभे केलेले, सचोटीचे,
रिकाम्या गोणीचाही हिशोब देणारे.
भिंतीवर बुक्की मारून म्हणाले, "नऊ इंची आहे, तोफ डागा."
तेवढ्यात गिरणीचा पट्टा चढला
आणि त्यांच्या चहात बारीक वर्तुळं उठली.
आम्ही दोघांनीही ती पाहिली.
बोललो नाही.

मुकादम रात्री साडेदहाला आले, तळोज्याहून.
टॅब नाही, मदतनीस नाही.
"पंखा बंद करा," एवढंच.
आणि भिंतीवर तळवा टेकून उभे राहिले,
तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.
मला वाटलं, ही त्यांची रीत असेल.
इथून वरच्यांच्या मोरीचं पाणी उतरतं.
इथे लिफ्टची मोटर.
ह्या भिंतीतून बेलापूर रोडचा कंटेनर गेला, आत्ता.
"खोली मागे न्या. गिरणीच्या बाजूला फायलींची कपाटं.
भिंतीला भिंत चिकटवायची नाही,
आत दुसरी खोली, रबरावर उभी.
एसीची नळी दोनदा वाकवू,
सरळ आणली तर आवाजही सरळ येतो.
उंबरा नको, व्हीलचेअर अडते;
दार लागलं की खालून पट्टी आपोआप उतरेल."
मग विचारलं, "लहान मुलं किती येतील?
काच खाली घेतो. बसल्याजागी आई दिसली पाहिजे."

अंदाजपत्रक भोपींपेक्षा पावणेदोन लाखांनी जास्त.
नवरा म्हणाला, "आवाज नसण्याचे पैसे?"
दीर आठवडाभर फोनवर तुटक.
बँकेतल्या बाईंना रॉकवूल म्हणजे स्वेटरचं काहीतरी वाटलं.
मी सही केली ती काही धीटपणानं नव्हे;
चहातली वर्तुळं डोळ्यांसमोरून जाईनात.

सांगितले आठ आठवडे, लागले अकरा.
एक दार परत गेलं, कडेला नखभर फट होती म्हणून.
वरच्या तीन आठवड्यांचं भाडं मीच भरलं,
आणि भांडलेसुद्धा.

शेवटच्या दिवशी मीटर लावला. आकडा बसला.
मी म्हटलं, आत बसा, पहिले तुम्ही.
हेडफोन घातले. ऐकू आलं की बटण दाबा.
अडीचशेला दाबलं. हजाराला दाबलं.
दोन हजाराला जरा थांबून.
चार हजाराला मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले,
खालच्या काचेपलीकडे ते निवांत बसलेले,
अंगठा बटणावर, डोळे माझ्याकडे,
सूर अजून सुरूच झालेला नाही असं समजून.

तीस वर्षं ड्रिल, कटर, दुसऱ्यांच्या भिंती.

बाहेर आले. आलेखातली ती दरी
नकाशा वाचतात तशी बोट ठेवून वाचली.
"इथे गळतंय तर," म्हणाले,
आणि दाराच्या कडेवर तळवा टेकून
ते पुन्हा एकदा हळूच लावून पाहिलं.

गिरणी चालू होती.
मी रिसेप्शनच्या नव्या टेबलावर फाईल उघडली,
नंबर एक घातला, नाव लिहिलं,
वय विचारलं.
दोनदा विचारावं लागलं.