सात मिलिमीटर

फॉर्मॅलिनची बरणी टेबलाच्या कडेला मीच ठेवली होती.
हे आधी सांगून टाकते.
पडताना सुपडूभाऊंनी ती झेलली
आणि काच उजव्या मनगटात शिरली.
दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास होता.
धुळ्याच्या डॉक्टरांनी मज्जातंतूची दोन टोकं
केसाहून बारीक दोऱ्यानं जोडली. म्हणाले,
आता दिवसाला एक मिलिमीटर. घाई नको.

तेव्हापासून दर सोमवारी, अमळनेरचं कॉलेज भरायच्या आत,
मी त्यांच्या तळहातावर पेन्सिलीनं टकटक करते.
जिथे मुंग्या येतात तिथे ते थांबवतात,
"आठे. हाई आठे."
निळ्या मार्करनं रेघ.
मागच्या रेघेपासून सात मिलिमीटर.
कधी पाच. परीक्षांच्या आठवड्यात मोजायचं राहिलंच.

"पन त्याले कोन सांगस, कोठे जानं शे ते?"

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवते.
पारोळ्याच्या हॅचरीतली अंडी, आत आठ दिवसांचं पिल्लू,
त्याच्या पाठीतून काढलेली मज्जापेशींची गाठ, खसखशीएवढी.
एका बशीत नुसतं मीठ, पाणी, साखर.
तिथली गाठ आखडून बसलीय, कडा काळवंडल्यात.
दुसरीत एक थेंब जास्तीचा, उंदराच्या लाळग्रंथीतला.
तिला एका रात्रीत चहूकडून तंतू फुटलेत.
"बोंड फुटनं हाई तं!"

हो, भाऊ. पण बशीत थेंब सगळीकडे असतो.
अंगात तो त्या टोकाला असतो, जिथे जायचंय तिथे,
कातडीत, स्नायूत,
आणि तोही मोजूनमापून, सगळ्यांना पुरेल इतका कधीच नाही.
ज्यांना मिळतो ते राहतात.
स्नायू म्हणतो, बस, इथेच टेक.
कातडी म्हणते, पसर, आणखी फाट, हे रान मोठं आहे.
तंतू काही घरून नकाशा घेऊन निघत नाही.
तिसऱ्या दिवशीच पंखाचा कोंब खुडला
तर पाठीच्या कण्यात त्या बाजूच्या पेशी
जायला तयार होतात,
आणि विझतात.

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.
मग म्हणाले, "मना हात शे ना पन."

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
घामाच्या ग्रंथीपाशी पोचणारी पेशी
निघताना एक रसायन बोलत असते,
तिथे राहून दुसरं बोलायला लागते.
ग्रंथीच तिची बोली बदलते.
साताऱ्याहून मी इथे आले त्याला अकरा वर्षं झाली.
परवा फोनवर आईला विचारलं, काय करी ऱ्हायनी?
पलीकडे शांतता.
मग ती म्हणाली, कोण बोलतंय?

एप्रिल. चव्वेचाळीस. लाईट गेली की
इनक्युबेटर उघडून अंडी ओल्या गोणपाटाखाली ठेवतो आम्ही,
बाहेरची हवा कोंबडीहून गरम.
सगळ्यांच्या कोपरांवरून घाम ठिबकतो.
भाऊंची तीन बोटं मात्र कोरडी,
सोललेल्या बदामासारखी गुळगुळीत.
हजेरीचं मशीन त्यांना ओळखत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणतं.
ते डावं बोट लावतात, मुकाट.

मे महिना, आणि सोमवारही नव्हता.
त्यांनी हातात दिलेल्या स्लाइडवर डाग होता.
पुसून देत जा, म्हणणारच होते
इतक्यात उजेडात धरली.
वेटोळी. वेटोळ्यांच्या रेघांवर
सुईच्या टोकाएवढे ओले ठिपके,
बघता बघता सुकणारे.
पुसली नाही. पेटीत ठेवली, चिठ्ठीवर तारीख टाकली.

ते केव्हाच पॅसेजमध्ये गेले होते.
मशीनच्या काळ्या काचेवर उजवी तर्जनी दाबून उभे.
लाईट नाहीये, भाऊ.
"माहीत शे," म्हणाले,
बोट न काढता.