संदर्भ हवा

शनिवारी वाचनालयात आम्ही सात जणी, दोन मुलगे.
बाहेर फ्योर्ड, तीनलाच अंधारलेला.
थोर्डिस थर्मास पुढे सरकवते: लिहा.

जुन्या फोटोखाली एवढीच ओळ:
'हेरिंगचा हंगाम. मुकादम एयोल्फुर, त्याचा कुत्रा स्कुग्गी.'
मागे पिंपांवर वाकलेल्या अकरा बायका.

सिगुरवेग आजी, वय ब्याण्णव,
रुमालाच्या गाठीवरून ओळखते:
ही गुडलाउग. संपात हीच पहिली उभी राहिली,
मिठाने फुटलेल्या हातांनी.
ही डावखुरी. नाव येईल, थांबा.

आम्ही लिहितो.
ओळीच्या शेपटाला लगेच खूण चिकटते: संदर्भ हवा.

म्हणजे काय गं? आजी विचारते.
सांगायला जीभ रेटत नाही.
पिंपामागे एक टोकन मिळायचं, ती म्हणते,
बुटात टाकायचो आम्ही,
घरी जाताना पाऊल वाजायचं.

उल्फुर तळघरातून मजुरीची वही आणतो.
पान सतरा: गुडलाउग, एकतीस टोकनं.
संपाचं अक्षर नाही.

एकतीस लिहितो. पान सतरा लिहितो.
संपाची ओळ खुणेसकट राहू देतो.
कुत्र्याचं नाव कुणी खोडत नाही.

रात्री साडेदहाला फोन:
हाल्बेरा. डावखुरी हाल्बेरा.
घे लिहून.