हाकेला ओ

हल शहरात नदीवरचा एक पूल मधोमध उघडतो,
चिखलाच्या रंगाचं पाणी कापत बार्ज निघाला की.
साठ वर्षं त्याचा खटका लोखंडी होता,
आता काचेवरचं बटण आहे,
आणि ते दाबल्यावर काय व्हायचं
हे मी लिहिते, दोन गल्ल्या अलीकडे,
माशांच्या जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर.

चित्रातल्या बटणावर दोनदा टिचकी मारली
की एक रिकामी मेथड आपसूक उघडते.
नाव आयतंच : बटण सतरा, क्लिक झाल्यावर.
खाली दोन महिरपी कंस,
ओंजळीसारखे, आत काही नाही.
मी तिथे उगाच थोडी रेंगाळते.
हिला मी स्वतः कधीच बोलावणार नाही.
बाहेरून हाक आली तर ओ द्यायची,
नाही आली तर जन्मभर गप्प.

पुलावर ट्रेव्हर ब्लेंकिन बसतो.
हातमोजा न काढताच काच दाबतो,
बोट थरथरतं, एका हाकेच्या तीन होतात.
आमच्या आळीत सांगायचे,
रात्री-अपरात्री तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये.
इथे उलटं लिहिलं :
पहिल्या हाकेलाच ओ दे,
मग कान मिटून घे
पूल पुरता उभा राहीपर्यंत.

मार्चमध्ये कळलं,
घंटेची मेथड मी दोन ठिकाणी जोडलीये.
हाक एक, ओ दोन.
पाच महिने पूल दोनदा घंटा देत होता
आणि कुणाची तक्रार नाही.
एक ओळ खोडली. चहा केला.

चौथ्या दिवशी ट्रेव्हरचा फोन.
मृण्मयी त्याला जमत नाही, तो 'मिरनी' म्हणतो.
"मिरनी, दुसरी घंटा कुठाय?"
ती चूक होती, मी म्हटलं.
"असेल. पण पहिलीला गाड्या थांबतात.
कुत्रा घेऊन येतात ना, त्या मिसेस ऑसगर्बी,
त्या दुसरीला थांबतात.
काल दांडा खाली आला तेव्हा त्या आत.
मी पूल धरून ठेवला,
बार्जवाला आईवरून बोलला."

खोडलेली ओळ परत आणता आली असती.
नाही आणली.
नवी मेथड लिहिली, सात सेकंद थांबून वाजणारी,
तिला तिचं नाव दिलं,
डोक्यावर शेरा : काढू नये, ट्रेव्हरला विचारा.

मेथडला मराठीत पद्धत म्हणतात.
कॉलेजात हसलो होतो त्या भाषांतराला.
पद्धत म्हणजे ओटी भरताना तांदूळच का,
यावर मोठ्यांचं उत्तर :
आमच्यात पद्धत आहे.

शनिवारी गेले बघायला. वारा बोचरा.
पहिली घंटा. गाड्या थांबल्या.
बाई चालतच होत्या, छत्री काखेत.
मी मनात मोजत होते, पाच, सहा,
दुसरी वाजायच्या आत
कुत्रा खाली बसला.