एकोणसत्तर

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
अंबादास जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं टोचतो.
भोक असेल तिथे धागा उचलला जातो.
मोराचं पीस, कमळाची कड,
सगळं आधी भोकांत असतं,
चादरीत नंतर येतं.

सतराव्या आठवड्यात हत्तरकी डॉक्टरीणबाई
पडद्याकडे बघत गप्प झाल्या.
बाळ लहान आहे, म्हणाल्या,
आणि वार फार मोठी.
मग थोड्या वेळाने : वारेत पाण्याचे फुगे आहेत,
द्राक्षांसारखे.

बाहेर गाड्यावर नान्नजची द्राक्षं होती.
अंबादासने विचारलं, घ्यायची का अर्धा किलो?
मी रिक्षात जाऊन बसले.

वारेनं पोसायचं असतं.
ही आपली आपणच वाढत गेली,
जेवणाऱ्याला विसरून
ताटांवर ताटं मांडत सुटलेल्या बाईसारखी.

अत्तम्मा म्हणाल्या, ग्रहणात शिवत बसलीस.
टॉवेलांच्या कडा शिवते मी, डझनावर पैसे.
ग्रहणाची सुट्टी कोण देतं?
मग पपई. मग कुणाची तरी नजर.
मी मशीनमध्ये दोरा ओवत राहिले.

पुण्याहून कागद यायला तीन आठवडे लागले.
सेहेचाळीस हवी होती गुणसूत्रं, एकोणसत्तर निघाली.
तेविसांचा आणखी एक अख्खा संच.
"वार अशी असते तेव्हा जादा संच
बहुतेक बापाकडून आलेला असतो.
दोष कुणाचाच नाही. दोन बीजं एकदम पोचली, इतकंच."
अंबादासने हात टेबलाखाली घेतले.

रात्री म्हणाला,
माळ ओवताना एखादं कार्ड दोनदा लागलं
तर कमळ लांबट होतं.
आणि अख्खी माळच दोनदा लागली तर?
माग थांबत नाही गं. विणतच राहतो.
मग कळतं कसं?
कापड बघून.

मी बघितलं होतं.
सिव्हिलमधली आया नको म्हणत होती, तरी.
तळहाताएवढं.
मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं
एकमेकांना चिकटलेली,
गड्ड्याच्या गर्दीत हरवू नये म्हणून
दोन भावंडं धरतात तशी.

बापाचं ते अत्तम्मांना मी सांगितलं नाही.
त्यांना पपई पुरते.

आता दर सोमवारी रक्त.
वारेचा एखादा कण मागे राहिला
तर आकडा पुन्हा चढेल, म्हणून हा पहारा.
ऐंशी हजार. नऊ हजार. सहाशे बारा.
कन्ना चौकातल्या लॅबचा पोरगा दर वेळी खूश :
ताई, उतरला!
मीही हसते. हसायला हवं.
रक्तातून कुणीतरी
एकेक पायरी उतरत बाहेर चाललंय
आणि सगळे त्याला लवकर जा म्हणतायत.

आज चार.
पाचाच्या खाली म्हणजे काहीच नाही, तो म्हणाला.
चार आहे ना, मी म्हटलं.
चार लिही.