नमुना क्रमांक एकतीस

दगडाला पाझर फुटतो का,
आणि फुटलाच तर किती,
हे मोजणं हाच माझा प्रबंध.
न्यूकेन शहर, विद्यापीठाचं तळघर, रात्रीचे दोन.
पोलादी नळकांड्यात अंगठ्याएवढा काळा शेल,
एका टोकाला वायूचा दाब,
दुसऱ्या टोकाला माझी वाकलेली मान.
पडद्यावरची रेषा उतरते
मुंगीनं डोंगर उतरावा तशी.
वर वारा पत्र्यांशी भांडतो.
त्याला आरपार जायला कुणाची परवानगी लागत नाही.

ह्या थराला आमच्याकडे 'मेलेली गाय' म्हणतात.
नाव कसं पडलं, जो तो वेगळं सांगतो.
चौदा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता.
तळाशी जे मेलं ते तिथेच शिजलं,
मंद आचेवर, झाकण न उघडता.

बाबा प्लाझा उइंकुलच्या जुन्या विहिरींवर होते.
त्यांचं तेल नांदायला गेलेलं:
आईखडकातून निघून, वाटेत थांबत थांबत,
वाळूच्या खडकात संसार मांडून बसलेलं.
दार वाजवलं की बाहेर यायचं.
माझं तेल माहेर न सोडलेलं.
त्याला बोलवायचं तर
माहेरच्या भिंतीच फोडाव्या लागतात.
हे मी मसुद्यात लिहिलं होतं.
डॉक्टर ओताएगींनी लाल शाईनं खोडलं
आणि समासात विचारलं: एकक?

तीस नमुने मुंगीच्या पावलांनी गेले.
एकतीसवा
माते निवायच्या आत खाली.
झडपा तपासल्या, साबणाचा फेस लावून पाहिला,
गळती कुठेच नाही.
आलेखातला सगळा कळप कुंपणाच्या आत
आणि हा एकटा टेकडीवर.
चार दिवस मी त्याच्यावर प्रेम केलं.
शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं.

"इतका उदार शेल मी अजून पाहिला नाही,"
ओताएगी एवढंच म्हणाल्या.
स्कॅनसाठी पैसे नव्हते.
प्रयोगशाळेतल्या एवारिस्तोंचा भाचा दवाखान्यात रात्रपाळीला.
अर्ज भरल्याशिवाय यंत्र चालत नाही, म्हणून त्यानं भरला:
रुग्णाचं नाव, एकतीस. वय, चौदा कोटी.
तक्रार, काही नाही.
राखाडी चित्रात केसाएवढी रेघ,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"तू फट मोजलीस, मिलाराय. दगड नव्हे."
तीन किलोमीटर खोलून वर आणताना
अंगावरचं ओझं उतरलं
आणि तो तडकला.

रविवारी रोसाउरा मावशीकडे गेले, नदीकाठच्या वस्तीत.
तिच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कोपऱ्यातून
एक फट निघाली आहे, चुलीकडे.
जिथे जिथे ती थांबली, तिथे मावशीनं
पेन्सिलीनं आडवी रेघ मारून लिहून ठेवलंय:
सात मार्च, पहाटे चार दहा, कपबशा वाजल्या.
एकोणीस जून, कुत्रा आधी उठला.
कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, घर जुनं आहे.
घर माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.
"तू दगड शिकतेस," मावशी भोपळा सोलत म्हणाली, "सांग मग."
मी म्हणाले, मला अंगठ्याएवढ्या दगडातलं कळतं,
तेही परवा चुकलं.
ती हसली नाही. रागावलीही नाही.
सालं कोंबड्यांना टाकून आली.

तोवर मी दप्तरातली पट्टी काढून भिंतीला लावली.
शून्य दशांश चार मिलिमीटर.
एकक आहे, ओताएगी बाई.
शेवटच्या तारखेच्या बोटभर पुढे
फट गेली होती.
मावशीच्या लक्षात आलं नव्हतं, तिला चष्मा बदलायचा आहे.
तिनं वाकून पाहिलं, हात पदराशी पुसावेत तसे एप्रनला पुसले,
कानामागची पेन्सिल मला दिली.
"तारीख तू घाल."

कधी तडकली, मला कुठे माहीत.
मी आजची तारीख घातली
आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.