दुसऱ्या आडनावाचा रकाना

ताल्काच्या मंडईत माझा अंड्यांचा गाळा.
समोर कांद्याची पोती उतरवतो तो हैतीचा माणूस.
नाव फ्रित्झनेल. बाजार म्हणतो, 'ए काळ्या.'
मीही म्हणायचे. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी अर्धा डझन मागायचा.
मी तडकलेली द्यायचे,
पैसे दोनदा मोजायचे,
आणि तपकिरी अंड्यांना पांढऱ्यांहून चढा भाव लावत
गिऱ्हाइकाला सांगायचे,
"हे लोक आले नि गावात खोकला वाढला."

मार्चमध्ये एक कागद घेऊन आला.
पोरीच्या शाळेचा अर्ज, घामाने मऊ पडलेला.
"पालकाचं दुसरं आडनाव, आईकडचं, लिहा म्हणतात.
बाई, आमच्यात एकच असतं."
खिडकीतला कारकून हसला होता म्हणे:
"का रे, आईविना जन्मलास?"

मीही हसणारच होते.
पण रामिरो आठवला.

चौऱ्याहत्तर साली, अंगावरच्या शर्टानिशी
माझा भाऊ माल्मोला गेला.
पत्रात लिहायचा बर्फाबद्दल, बटाट्यांबद्दल.
एकदा लिहिलं:
"एदू, यांनी माझं दुसरं आडनाव कापलं.
रकान्यात मावत नाही.
पगाराच्या चिठ्ठीवर आता नुसते बाबा उरलेत.
इस्पितळाची फरशी पुसतो ना,
तेव्हा फडकं पिळताना आईचं नाव घेतो.
दर पिळ्याला."

आईला पत्र वाचून दाखवताना
तेवढ्या ओळी मी गाळल्या होत्या.

"तुझ्या आईचं नाव काय?"
त्याने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं.
"क्लेर्वेना," म्हणाला. "क्लेर्वेना दोर्सेली.
कॉफी वाळवायची. एका कानाने कमी ऐकायची,
म्हणून आम्ही सगळे घरात ओरडूनच बोलायचो."
आणि एकटाच हसला.

दोर्सेली.
माझं अक्षर वाईट. दोनदा विचारून लिहिलं.
नियमात बसतं का, ते कारकून जाणे.

त्या संध्याकाळीही त्याने अर्धा डझन नेली.
फुकट नाही दिली, तेवढी काही मी चांगली नाही.
एकेक अंडं बल्बसमोर धरून पाहिलं,
सहाही धड.
पैसे न मोजता डब्यात टाकले.

तो चार पावलं गेल्यावर हाक मारली.
"फ्रि..."
जीभ अडखळली. या वयात नवं नाव
तोंडात बसायला वेळ लागतो.
तो वळला,
आणि मला जमेपर्यंत
उभा राहिला.