अर्धा टक्का

चेंबरच्या काचेवर हिरवा आकडा : शून्य पूर्णांक पाच.
बाहेर ओउलूत उणे एकोणीस,
आत सदतीस, पोटाशी धरल्यासारखं ऊबदार,
फक्त हवा नाही. म्हणजे आहे, नावापुरती.
आज एकविसावा दिवस.

काळ्या हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून
मी बशी भिंगाखाली सरकवते.
बहुतेक मेल्यात, सुटून तरंगतायत.
एका कडेला तिघी-चौघी मात्र तळाला चिकटून,
चपट्या, कंजूष, वाढत नाहीत की दुभंगत नाहीत,
घरातले सगळे दिवे मालवून
एकाच खोलीत दिवस काढावेत तशा.

वहीत लिहिते : जिवंत.
आणि मला बरं वाटतं.
हे मी कुणाला सांगत नाही.

पेशीत एक चिठ्ठी सतत लिहिली जाते
आणि लिहिल्या लिहिल्या फाडली जाते.
फाडणाऱ्याला प्राणवायू लागतो.
तो संपला की हात थांबतो, चिठ्ठ्या साचतात,
मग कुणीतरी त्या वाचायला घेतं :
साखर अर्धीमुर्धी चघळ,
आंबट चोथा दाराबाहेर टाक, शेजारी पोळला तर पोळू दे.
रक्ताला हाक मार.
नाही आलं, तर झोप.
झोपलेल्याला औषध ओळखत नाही.

पुदासयार्वीच्या आमच्या डबक्यात एकच मासा टिकायचा, रुताना.
हातभर बर्फाखाली, थेट एप्रिलपर्यंत.
“प्यालेला असतो लेकाचा,” बाबा म्हणायचे,
आम्ही हसायचो.
पुढे विद्यापीठात कळलं, ते खरंच होतं :
अंगातल्या आम्लाची तो दारू करतो
आणि कल्ल्यांवाटे सोडून देतो पाण्यात.
मी फोन करून सांगितलं.
“मग? मी काय म्हणत होतो?”

शुक्रवारी डॉक्टर कुर्तिलांनी त्यांच्या फुप्फुसाचं चित्र लावलं.
गाठीच्या मधोमध एक करडा डाग.
“हा भाग मेलेला आहे.”
बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बातमी चांगली आहे ना, अशा नजरेनं.
मी मान हलवली. कशी हलवली, आठवत नाही.
मेलेल्याच्या कडेला कोण बसून असतं
ते त्या खोलीत आम्हा दोघींना माहीत होतं.

एक बशी बाहेर काढते, साध्या हवेत ठेवायला.
नियमच आहे तसा. तीन दिवसांत
त्या पुन्हा दुभंगायला लागतील.

खिशात फोन थरथरतो. ताउनो हौताकोस्की. बाबा.
बर्फ आता चालण्याजोगा झालाय, म्हणतात,
रविवारी ये, भोकं पाडू.
गिरमिट हल्ली जड लागतं,
मध्ये मध्ये थांबावं लागतं, म्हणाले,
आणि थांबले.